टाचणीचं भोक

मागच्या खोलीतलं टेबल रिकामं होतं.

थोरल्या सुनेने खांद्यावरची पिशवी न काढताच टेबलाखाली पाहिलं, कपाटावर पाहिलं, चष्मे धुवायच्या बेसिनशेजारी पाहिलं. बुटांचे तीन खोके असायला हवे होते. त्यांत उभी लावलेली पाकिटं, आणि प्रत्येक पाकिटात कुणीतरी टाकून दिलेला, मग धुतलेला, पुसलेला, नंबर लिहिलेला एकेक चष्मा. सतरा दिवसांपूर्वी ती बहिणीच्या ऑपरेशनसाठी गेली तेव्हा पहिल्या खोक्यातही एक पाकीट नव्हतं. परवा फोनवर सासरे, म्हणजे आप्पा, म्हणाले होते, "तीनशे बारा झाले. तू ये मग."

"अहो! खोके कुठायत?"

पुढच्या दुकानात तिचा नवरा केस विंचरत होता. चष्म्याचं दुकान, जिकडे पाहावं तिकडे आरसे. सहा आरशांतून सहा थोरले एकदम वळले.

"आलीस? बस वेळेवर होती म्हणजे. खोके धाकटा घेऊन गेला की सकाळी."

"कुठे?"

"सभागृहात. आज वाटप आहे. तुला आणि आप्पांना आयत्या वेळी सांगायचं ठरलं होतं. देणगी देणाऱ्या गिरणीवाल्यांना आजच वेळ होता. दहा हजारावा चष्मा आप्पांच्या हातून, सत्कार, फोटो, सगळं आजच."

"वाटप महिनाअखेरीला होतं."

"होतं. आता आज आहे. तुझा चेहरा असा का झालाय? बहीण बरी आहे ना?"

घड्याळात नऊ वीस झाले होते. कार्यक्रम दहाचा असणार. क्लबचं सगळं दहालाच सुरू व्हायचं. थोरलीने पिशवी खाली टाकली, गुडघ्यांवर बसली आणि टेबलाच्या मागे हात घातला. घाईत खोके उचलले की दोन-चार पाकिटं मागे पडतात हे तिला बावीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. तीन सापडली. तिने तिन्ही पाकिटांच्या डाव्या खालच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. कोपरे गुळगुळीत होते.

"अहो, इकडे या. आणि तो कंगवा ठेवा आधी."

या घरात जुने चष्मे मोजायची एक पद्धत होती आणि ती आप्पांची होती. क्लब त्यांनीच काढला होता. पाच दुकानदार, एक पोस्टमन आणि एक दातांचा डॉक्टर मिळून सुरू केलेला. आता साठ सभासद, पिवळी जाकिटं, दरसाल एक सोडत, एक जुन्या वस्तूंची विक्री. पण क्लबची खरी ओळख होती ती चष्म्यांची. बँकेत, पोस्टात, दवाखान्यांत ठेवलेल्या पेट्यांत लोक जुने चष्मे टाकायचे आणि आप्पा त्यांचे नंबर काढायचे. यंत्राने नाही. खिडकीचा उभा गज समोर धरून. काच डोळ्यापासून लांब धरायची, तिच्यातून गजाकडे बघायचं आणि काच हळूच डावी-उजवीकडे हलवायची. गज काचेबरोबर सरकला तर मायनस, उलट्या दिशेला पळाला तर प्लस. मग ठाऊक असलेल्या नंबराच्या काचा एकेक करून पुढे धरत जायचं. गज जिथे हलायचा थांबला, तिथे नंबर मिळाला. दुकानात यंत्र आल्याला पंधरा वर्षं झाली होती. आप्पा त्याला 'तो डबा' म्हणायचे.

आठ महिन्यांपूर्वी एका दुपारी आप्पांनी हातातली काच खाली ठेवली होती आणि अगदी सहज विचारलं होतं, "सूनबाई, हा गज वाकलाय का गं?"

गज सरळ होता.

ती "थोडासा" म्हणाली होती. का म्हणाली, हे तिला अजून नीट सांगता आलं नसतं. त्या संध्याकाळी तिने त्यांची पाकिटं डब्यावर लावून पाहिली. दहातलं एक चुकलेलं होतं. तिने त्यांच्यासारख्याच तिरक्या अक्षरात नवं पाकीट लिहिलं, चष्मा त्यात घातला, आणि तपासलेलं कुठलं नि राहिलेलं कुठलं हे आपलं आपल्याला कळावं म्हणून कोपऱ्यात टाचणीने एक भोक पाडलं. तेव्हापासून आप्पा मोजत आणि ती त्यांच्या मागून मोजत होती. दहातलं एक, मग पाचातलं एक. गेल्या महिन्यात तिनातलं एक.

आता तिने डब्याचा दिवा लावला आणि पहिला चष्मा त्यावर ठेवला. थोरला तिच्या खांद्यामागे उभा राहिला.

"पाकिटावर काय लिहिलंय?"

"प्लस दीड."

"आहे प्लस तीन. पुढचं?"

"मायनस दोन."

"मायनस पाऊण." तिसरा चष्मा तिने दोनदा ठेवून पाहिला. तो बरोबर निघाला, पण त्याचा आनंद व्हावा अशी वेळ नव्हती.

थोरल्याने पाकीट उलटं-सुलटं करून पाहिलं. "हे आप्पांनी लिहिलंय?"

"त्यांनीच."

"थकले असतील. एखाद्या दिवशी होतं असं."

"आठ महिने होतंय." तिने सगळं सांगितलं. गज, पाकिटं, टाचणी. सांगताना तिला घाई होती म्हणून ते चार वाक्यांत संपलं, आणि संपल्यावर तिला वाटलं, एवढंच होतं तर आठ महिने घशात का अडकून राहिलं?

थोरला खुर्चीवर बसला. "मला नाही सांगितलंस."

"तुम्ही भाऊजींना सांगितलं असतं."

"नसतं सांगितलं."

"तुमचं बोलणं दोन वर्षांनी सुरू झालंय. आत्ताशी कुठे तुम्ही एकमेकांकडे चहा पिता. तुम्ही काहीही सांगितलं असतंत."

हे खरं होतं. दुकान थोरल्याकडे आणि घर धाकट्याकडे अशी वाटणी झाल्यापासून दोघे भाऊ रस्त्यात समोरासमोर आले तरी दुकानांच्या पाट्या वाचत जायचे. धाकटा क्लबचा अध्यक्ष झाला आणि या कार्यक्रमाच्या निमित्ताने ते पुन्हा एका टेबलाशी बसले होते.

"ऐक," थोरला म्हणाला, "आजचा दिवस जाऊ दे. त्यांचा सत्कार आहे. शहरातली निम्मी माणसं तिथे असणार. उद्या आपण सगळ्यांना गाठू, चष्मे बदलून देऊ."

"तीनशे जणांना? नावं लिहून घेता तुम्ही?"

क्लब नावं लिहून घेत नसे. घेणाऱ्याला ओशाळं वाटू नये म्हणून आप्पांनीच पहिल्या वर्षी तसा नियम केला होता.

"यंत्र पिशवीत घाला आणि मागून या," ती म्हणाली. "मी पुढे होते."

सभागृह दहा मिनिटांवर होतं. ती सात मिनिटांत पोचली आणि दारातच अडकली, कारण दारात सोडतीची तिकिटं विकणाऱ्या दोन पिवळ्या जाकिटांनी वाट अडवली होती. पहिलं बक्षीस सायकल, दुसरं प्रेशर कुकर. तिने एक तिकीट घेतलं तेव्हा कुठे वाट मिळाली. आत एका बाजूला जुनी पुस्तकं, दुसऱ्या बाजूला जुने दिवे आणि कपबशा मांडल्या होत्या. स्टेजशेजारी एक मोठा फळा होता आणि त्यावर गाडीचं चित्र. डोळे तपासायची फिरती गाडी घ्यायला क्लब वर्षभर पैसे जमवत होता. देणगी आली की चित्रात खालून वर निळा रंग भरायचा, अशी धाकट्याची कल्पना. आत्तापर्यंत चाकं तेवढी रंगली होती.

मागच्या रांगांत गिरणीतल्या शिवणकामाच्या बायका, मालवाहू गाड्यांचे चालक, दोन-तीन म्हातारे. त्यांचे डोळे गेल्या आठवड्यात क्लबच्या डॉक्टरने तपासले होते आणि प्रत्येकाच्या हातात नंबराची चिठ्ठी होती. ती चिठ्ठी दाखवायची, तेवढ्याच नंबराचं पाकीट घ्यायचं. पुढच्या रांगेत गिरणीवाले आणि त्यांच्याशेजारी नवा शर्ट घातलेले आप्पा. गिरणीवाले काहीतरी सांगत होते आणि आप्पा त्यांच्या चेहऱ्याकडे न पाहता कानाच्या जरा बाहेर पाहत होते. थोरलीला ते लांबूनही कळलं. अलीकडे ते असंच बघायचे, कडेकडेने.

धाकटा चहाच्या टेबलाशी होता, पिवळ्या जाकिटावर अध्यक्षाचा बिल्ला.

"वहिनी! वेळेवर आलात! चेहरा पाडू नका, पहिल्या रांगेत ठेवलीय तुमची खुर्ची."

"भाऊजी, चष्मे वाटायचे नाहीत."

"हो, आणि चहाही ओतून देऊ." त्याने हसून कप पुढे केला. मग तिच्याकडे नीट पाहून कप परत टेबलावर ठेवला. "काय झालंय?"

तिने सांगितलं. यावेळी तीन वाक्यांत.

धाकटा कधी स्टेजकडे, कधी गिरणीवाल्यांच्या टकलाकडे बघत राहिला. "हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

"तुम्ही खोके मला न विचारता उचललेत."

"मी आप्पांचे खोके उचलले! मला काय ठाऊक त्यांत तुमचं पण काही आहे?" त्याने आवाज खाली आणला. "वहिनी, चाकं रंगलीत. नुसती चाकं. तो माणूस आज अख्खी गाडी टपापर्यंत रंगवणार आहे, तसं बोललाय मला. त्याच्यासमोर मी काय सांगू, आमचे चष्मे चुकीचे आहेत, आता आम्हाला गाडी द्या?"

"नंबर चुकीचे आहेत. चष्मे नाहीत."

"घालून बघतीलच की लोक! नाही दिसलं तर सांगतील."

"कुणी सांगितलंय आजवर? फुकटच्या चष्म्याला कोण नावं ठेवतं? 'छान दिसतंय, साहेब' म्हणतात, हात जोडतात आणि घरी जाऊन डोकं धरून बसतात."

धाकट्याने बिल्ल्याशी चाळा केला. "एक गेलाय," तो म्हणाला.

"काय?"

"काल पेपरवाल्यांना फोटो हवा होता. पाण्याच्या टँकरवरचा एक चालक आला होता, चिठ्ठीवर मायनस सव्वा होतं. मी खोक्यातून मायनस सव्वाचं पाकीट काढून दिलं. फोटो पण हसरा आलाय."

"तो आज टँकर चालवतोय?"

"आज सुट्टी कुठली त्याला."

"कोण टँकर चालवतोय?" मागून आवाज आला. नणंद उभी होती, दवाखान्यातल्या रात्रपाळीतून थेट आलेली, पायांत तेच पांढरे बूट. ताई परिचारिका होती आणि तिच्यासमोर घरातलं कुणी शिंकलं तरी ती नाडी बघायची. धाकट्याने "काही नाही, ताई" म्हटलं आणि तिथेच चुकला.

थोरलीने तिसऱ्यांदा सांगितलं. ताईने चष्म्यांबद्दल एकही प्रश्न विचारला नाही.

"सरळ गज वाकडा दिसला त्यांना? आठ महिन्यांपूर्वी?"

"हो."

"आणि तू गज वाकलाय म्हणालीस."

"थोडासा म्हणाले."

"डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे तो. आमच्याकडे आठवड्याला चार येतात. सरळ रेघा वाकड्या दिसायला लागल्या की लगेच न्यायचं असतं, इंजेक्शनं असतात, असेल ती नजर टिकते." ताईचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "तू त्यांच्या चुका झाकल्यास गं. डोळ्यांचं काय?"

आठ महिने ती स्वतःला एकच गोष्ट सांगत आली होती: त्यांच्या हातून हे काम गेलं तर ते खुर्चीवरून उठणार नाहीत. त्यात दुसरं काही असू शकतं हे तिने पाहिलंच नव्हतं. यंत्रावर रोज शंभर काचा मोजणारी बाई, आणि घरातले दोन डोळे तपासायचे राहिले.

तेवढ्यात थोरला धापा टाकत आला, हातात यंत्राची पिशवी. "थांबवलं का?" त्याने विचारलं.

"दादा, तू पण?" धाकटा म्हणाला.

"मी पण. तिनातले दोन चष्मे माझ्यासमोर चुकीचे निघालेत."

"मी स्टेजवर जाऊन सांगते," ताई म्हणाली. "एका मिनिटाचं काम आहे."

"नको, ताई!" थोरलीने तिचा हात धरला. "सांगा, पण माइकवर नको. त्यांना असं साठ लोकांसमोर कळायला नको."

"साडेतीनशे," धाकटा म्हणाला. त्याला आकडा दुरुस्त करायची सवयच होती.

"खोके चुकून दुसरेच आले म्हणा," थोरली म्हणाली. "वाटप दुपारी म्हणा. मी इथे बसून मोजते. एका चष्म्याला मिनिटही लागत नाही. तीनशे बारा म्हणजे पाच तास, दोघांनी केलं तर तीन."

धाकट्याने क्षणभर विचार केला. "खोके चुकून आले," तो पुटपुटला, जसं काही शर्ट अंगावर बसतोय का ते बघत होता. "हे चालेल. हे मी बोलू शकतो."

पण क्लबचा सचिव घड्याळाचा माणूस होता. दहा वाजले आणि त्याने माइक हातात घेतला. "मी आपल्या क्लबच्या संस्थापकांना विनंती करतो..." टाळ्या सुरू झाल्या. गिरणीवाल्यांनी आप्पांना हाताला धरून पायऱ्यांपर्यंत नेलं. धाकटा खुर्च्यांमधून वाट काढत धावला, पण साठ पिवळी जाकिटं एकदम उभी राहिली होती आणि प्रत्येकाला अध्यक्षांशी हात मिळवायचा होता.

थोरली कडेने गेली. स्टेजच्या पायऱ्यांशी पोचली तेव्हा आप्पा टेबलामागे उभे होते आणि त्यांच्यासमोर तीन खोके होते. रांगेत पहिली होती एक शिवणकाम करणारी बाई. तिने चिठ्ठी पुढे केली. सचिवाने ती वाचली, "प्लस दोन," आणि खोक्यातून पाकीट काढून आप्पांच्या हातात दिलं.

थोरलीने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. "आप्पा," एवढंच म्हणायचं आणि पुढचं सुचेल तसं.

आप्पांनी पाकीट बाईला दिलं नाही. त्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्याने पाकिटाचा खालचा कोपरा चाचपला. मग पुन्हा चाचपला. पाकीट टेबलावर ठेवलं, हात लांब करून खोक्यातलं दुसरं काढलं आणि त्याचाही कोपरा चाचपला. मग तिसरं. फोटोवाला म्हणाला, "साहेब, इकडे बघा." आप्पांनी चौथं पाकीट काढलं.

थोरलीचा पाय पायरीवरच राहिला. त्यांना ठाऊक होतं.

"सूनबाई आल्यात का?" आप्पांनी माइकमध्ये विचारलं.

"मी इथेच आहे, आप्पा."

ते आवाजाकडे वळले. "या पाकिटांना भोक नाही."

"नाही, आप्पा. मी आज सकाळी आले."

"अस्सं." त्यांनी चारही पाकिटं एकावर एक नीट लावली. सभागृहात कुणाला काही कळत नव्हतं. मागच्या रांगेत कुणीतरी हसलंही. आप्पांनी माइक हातात घेतला. तो जरा तोंडापासून लांबच धरला, काच धरायचे तसा.

"हे चष्मे मी डोळ्यांनी मोजलेत," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांच्या मधोमध आता डाग आहे. गेले काही महिने मी मोजतो, चुकतो, आणि माझी सून मागून बरोबर करून ठेवते. बरोबर केलं की कोपऱ्यात टाचणीचं भोक पाडते. तिला वाटतं मला कळत नाही. डोळे गेले तरी बोटं आहेत." कुणीतरी टाळी वाजवली, एकट्यानेच, आणि थांबला. "मी गप्प बसलो, कारण ती होती. ती आहे म्हणून मी बिनधास्त चुकत होतो. या खोक्यांतलं एकही पाकीट तिने पाहिलेलं नाही. तेव्हा आज वाटप नाही. मापं काढा आधी."

ताई खाली उभी होती, तोंडावर हात धरून. गिरणीवाल्यांनी शेजाऱ्याच्या कानात काही विचारलं, मग त्यांना फोन आला, किंवा आला असं त्यांनी ठरवलं, आणि ते फोन कानाला लावून दाराकडे गेले. धाकट्याने त्यांच्याकडे पाहिलं. फळ्यावरच्या गाडीकडे पाहिलं. मग तो त्यांच्या मागे धावला, आणि दारात त्यांना ओलांडून पुढे निघून गेला. बाहेर त्याची स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

"अध्यक्ष कुठे निघाले?" सचिवाने माइकवरच विचारलं.

"टँकर शोधायला," थोरला म्हणाला आणि पिशवीतून यंत्र काढून स्टेजवरच्या टेबलावर ठेवलं.

रांगेतली पहिली बाई अजून तिथेच होती. "मग माझं काय?" तिने विचारलं. "मी अर्ध्या दिवसाची रजा काढलीय. मोजून देताय तर थांबते मी."

"थांबा," थोरली म्हणाली. "तुमच्यापासूनच करते."

सोडत झाली. सायकल दातांच्या डॉक्टरला लागली, त्यावर बराच आरडाओरडा झाला. जुन्या कपबशा विकल्या गेल्या. आणि स्टेजवर यंत्राचा दिवा जळत राहिला. थोरली काच ठेवायची, आकडा सांगायची. थोरला नवं पाकीट लिहायचा. सचिव तोच आकडा माइकवर पुकारायचा आणि ज्याची चिठ्ठी जुळेल तो वर यायचा. तिसऱ्या चष्म्यानंतर आप्पांनी खुर्ची ओढून घेतली आणि हात पुढे केला.

"टाचणी कुणाकडे आहे?"

थोरलीने पर्समधली टाचणी त्यांच्या तळहातावर ठेवली. पाकीट त्यांच्याकडे सरकायचं, ते अंगठ्याने कोपरा शोधायचे आणि भोक पाडायचे. त्यासाठी त्यांना बघावं लागत नव्हतं.

ताई त्यांच्या पलीकडे येऊन बसली. "सोमवारी सकाळी नऊला. डॉक्टरांशी बोललेय मी."

"आधी हे संपू दे."

"हे आज संपेल. सोमवार सोमवारी आहे."

"तुझ्या आईचा स्वभाव आहे हा," आप्पा म्हणाले, पण नाही म्हणाले नाहीत.

ताई चहा आणायला उठली तेव्हा थोरली यंत्रात बघता बघताच बोलली. "मी तुम्हाला तेव्हाच न्यायला हवं होतं."

"आलो असतो मी?"

तिने खोटं बोलायचं टाळलं. "नसता आलात."

"मग?"

"तरी न्यायला हवं होतं, आप्पा."

त्यांनी पुढच्या पाकिटाचा कोपरा शोधला. भोक पाडायला नेहमीपेक्षा जरा वेळ लागला. "प्लस सव्वादोन पुकारलं का रे?" त्यांनी सचिवाला विचारलं.

साडेबाराला धाकटा परत आला, घामाघूम, जाकीट काखेत. त्याच्या मागून टँकरचालक, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखाच हसरा, डोळ्यांवर तोच चष्मा.

"माझं काय चुकलं, साहेब?" त्याने विचारलं. "मला चांगलं दिसतंय की."

थोरलीने चष्मा मागून घेतला आणि यंत्रावर ठेवला. एकदा, दोनदा. "मायनस पावणेतीन," ती म्हणाली. "तुमच्या चिठ्ठीवर सव्वा आहे. काल रस्ता कसा दिसला तुम्हाला?"

"झकास." मग त्याने मान खाजवली. "थोडा लांब वाटायचा. पुढची गाडी बारीक दिसायची. डोकं दुखलं रात्री. मला वाटलं, चांगल्या चष्म्यातून असंच दिसत असेल."

धाकटा स्टेजच्या कडेवर बसला. थोरल्याने त्याच्या पुढ्यात पाण्याचा ग्लास ठेवला. धाकट्याने तो एका दमात संपवला.

तपासलेल्या ढिगात मायनस सव्वाचे दोन चष्मे होते. थोरलीने त्यातला एक पुन्हा यंत्रावर लावला, पाकिटात घातला आणि आप्पांकडे सरकवला. आप्पांनी कोपरा चाचपला. भोक होतं. तरीही त्यांनी शेजारी आणखी एक पाडलं, आणि पाकीट चालकाच्या हातात देताना त्याचं मनगट धरून ठेवलं.

"हा घालून बघ. वाईट दिसलं तर इथेच बोलायचं. फुकट आहे म्हणून गप्प बसलास तर बघ."

चालकाने चष्मा घातला. पंखा पाहिला, दरवाजा पाहिला, मग स्टेजशेजारच्या फळ्याकडे वळला आणि बराच वेळ बघत राहिला.

"साहेब, बोलू?"

"बोल की."

"चाकंच रंगवलीत. बाकीची गाडी कुठाय?"

आप्पा इतके जोरात हसले की टाचणी हातातून पडली. धाकटा आणि थोरला दोघेही टेबलाखाली वाकले, ती शोधायला.